मूळ गाणे म्हणजे पहिली तबकडी नव्हे

जुने गाणे नव्या गळ्यातून आले की आपल्याकडे निकाल आधीच लागलेला असतो: मूळ गाण्याची सर नाही. गायकाने कोणता शब्द उचलला, कुठे विसावा घेतला, लय का बदलली, याची चौकशीही होत नाही. मग उपदेश सुरू होतो. ज्यांना गाता येते त्यांनी स्वतःची नवी गाणी करावीत. बालगंधर्व, दीनानाथ, वसंतराव, बाबूजी यांनी जे गाऊन ठेवले आहे त्याला हात लावू नये. हे मत ऐऱ्यागैऱ्याचे नसते. ज्यांनी जन्मभर मन लावून गाणे ऐकले त्यांच्या तोंडून ते येते, म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. माझे म्हणणे असे की हे मत आपल्या संगीताच्या इतिहासाला धरून नाही. शिवाय ज्या गाण्यांवरच्या प्रेमापोटी ते मांडले जाते, त्याच गाण्यांचे ते आयुष्य कमी करते.

सुरुवात ‘मूळ’ या कल्पनेपासूनच करू. ‘संगीत सौभद्र’ १८८२ साली पुण्यात रंगभूमीवर आले. त्यातली सुभद्रा भाऊराव कोल्हटकरांनी गाजवली. भाऊराव १९०१ साली गेले आणि भारतातली पहिली ध्वनिमुद्रणे झाली १९०२ साली, कलकत्त्यात. म्हणजे सुभद्रेच्या पदांचा पहिला आवाज कोणत्याही संग्राहकाच्या कपाटात नाही, असणे शक्यही नाही. बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत आले ते १९०५ साली, भाऊराव गेल्यानंतर. ‘सौभद्रा’तली जी पदे आपण ‘अस्सल’ म्हणून कानाशी धरतो, ती सगळी नंतरच्या माणसांनी गायलेली आहेत. एका गायकाची जागा दुसऱ्याने घेतली, तिथूनच आपली नाट्यसंगीताची ध्वनिमुद्रित स्मृती सुरू होते.

चालींचे काय? जुन्या संगीत नाटकाचे पुस्तक उघडून पाहा. पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून कोणत्या तरी आधीच्या गाण्याचा उल्लेख केलेला असतो. ‘सौभद्र’कार अण्णासाहेब किर्लोस्करांनी कीर्तनातली साकी-दिंडी घेतली, लावणीच्या आणि कर्नाटकी चाली घेतल्या, त्यांवर नवे शब्द बसवले. ‘मानापमाना’साठी गोविंदराव टेंबे यांनी पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्यांकडे पाहिले. ‘स्वयंवरा’साठी भास्करबुवा बखले यांनी ख्यालाच्या बंदिशींतून पदे उभी केली. यांपैकी कोणी काही लपवले नाही. ‘चाल’ छापण्याची पद्धतच सांगते की उसनवारी उघड होती आणि तिची लाज वाटत नव्हती. त्या बंदिशी गाणाऱ्या कोणी तेव्हा ‘आमच्या चिजांना हात लावू नका’ असे फर्मान काढले असते आणि ते पाळले गेले असते, तर आज जपायला आपल्याकडे नाट्यसंगीतच नसते.

‘मानापमाना’तला धैर्यधर घ्या. १९११ साली किर्लोस्कर मंडळीत ही भूमिका नानासाहेब जोगळेकरांनी केली. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झाले, तेव्हा बालगंधर्वांच्या भामिनीसमोर केशवराव भोसले धैर्यधर म्हणून उभे राहिले. त्यानंतर ती पदे मास्टर दीनानाथांच्या गळ्यात आली. आज धैर्यधराची पदे म्हटली की जाणकाराला आठवतात ती दीनानाथांची, त्या चढ्या, झेपावणाऱ्या तानांसह. ज्यांना आपण मूळ मानून बसलो आहोत, ते या भूमिकेचे पहिले गायक नव्हते. जोगळेकरांवर प्रेम करणाऱ्या रसिकाने दीनानाथांना ‘मूळची सर नाही’ म्हणून परत पाठवले असते, तर नुकसान कोणाचे झाले असते?

त्यातही ज्या ध्वनिमुद्रिकेला आपण प्रमाण मानतो ती काय वस्तू आहे, हे विसरून चालणार नाही. लाखेच्या ७८ आरपीएम तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटे मावत. रंगमंचावर हीच पदे ‘वन्समोअर’वर ‘वन्समोअर’ घेत फुलत, नाटक रात्रभर चाले. विद्युत ध्वनिमुद्रण येण्यापूर्वी तर गायकाला कर्ण्यात तोंड घालून, आवाज चढा ठेवून गावे लागे. हळुवार स्वर टिपलाच जात नसे. तेव्हा तबकडीवर जे उतरले ते त्या पदाचे एका दिवशीचे, यंत्राच्या सोयीने आखडलेले रूप होते. ते अमोल आहे, कारण दुसरे काही उरलेले नाही. पण खुद्द गायकाने दुसऱ्या रात्री जे वेगळे गायले असते, ते पुढच्या पिढीने वेगळे गाऊ नये असा दंडक त्या तबकडीतून कसा निघतो?

इथे कोणी म्हणेल की नाट्यपदांची गोष्ट निराळी. तिथे गायकाला मोकळीक असतेच. भावगीतात तसे नाही. संगीतकार एकेक जागा ठरवून देतो, दोन कडव्यांमधला वाद्यमेळही नक्की करतो. तिथे आवाज बदलला की गाणे बदलते. आक्षेप विचार करण्याजोगा आहे. त्याला ‘गीतरामायणा’तूनच उत्तर मिळते.

१ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकरांची आणि सुधीर फडक्यांची ही छप्पन्न गीते वर्षभर प्रसारित झाली. त्या प्रसारणात ती अनेकांनी गायली होती: माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, ललिता फडके, सुरेश हळदणकर, राम फाटक. रामाची गीते स्वतः फडक्यांच्या वाट्याला होती. पुढे फडक्यांनी, म्हणजेच बाबूजींनी, गावोगावी कार्यक्रम केले, ध्वनिमुद्रिका आल्या, आणि त्यांत सगळी गीते त्यांनी एकट्याने गायली; सीतेची, कौसल्येचीसुद्धा. आज महाराष्ट्रातच काय, बडोद्यापासून अमेरिकेपर्यंत मराठी घरांत ‘गीतरामायण’ म्हणून जे वाजते ते हेच दुसरे गायन आहे. त्याच चालींवर या गीतांची अनेक भारतीय भाषांत भाषांतरेही झाली.

याचा अर्थ नीट पाहा. मराठी भावसंगीतातल्या सर्वांत मान्यताप्राप्त कलाकृतीची जी आवृत्ती घराघरांत ‘मूळ’ मानली जाते, ती काटेकोर अर्थाने पुनर्गायन आहे, आणि ते करणारा माणूस शब्दोच्चाराबद्दल आणि चालीच्या शुद्धतेबद्दल मराठी संगीतातला सर्वांत कडक म्हणावा असा संगीतकार आहे. स्त्रीच्या आवाजासाठी योजलेले गीत पुरुषाच्या गळ्यातून गाताना त्यांना ते भ्रष्ट झाल्यासारखे वाटले नाही. चाल आणि शब्द सांभाळले की आवाज बदलला तरी गीत टिकते, हे त्यांनी गाऊन सिद्ध केले. संगीतकाराच्या अधिकाराचा दाखला द्यायचा तर हा द्यावा.

स्वतः संगीतकारालाच एका शब्दरचनेला एकच चाल पुरेशी वाटते असेही नाही. ‘कट्यार काळजात घुसली’ या १९६७ च्या नाटकात पंडित जितेंद्र अभिषेकींनी एकच पद दोन गायकींत बांधले, एक नाटकातल्या पंडितजींच्या घराण्याच्या अंगाने, दुसरे त्यातल्याच खाँसाहेबांच्या. शब्द तेच. श्रोत्याने दोन्ही ऐकून तुलना करावी यावरच नाटकाचा डोलारा उभा आहे. २०१५ साली या नाटकावर चित्रपट आला, त्यात मूळ नाटकातले खाँसाहेब वसंतराव देशपांडे यांचे नातू राहुल देशपांडे आणि शंकर महादेवन गायले, आणि लगेच ‘वसंतराव ते वसंतरावच’ असा सूर निघाला. वसंतराव ते वसंतरावच, याबद्दल वादच नाही. पण एकाच पदाला दोन न्याय्य रूपे असू शकतात हे ज्या नाटकाने शिकवले, त्याच नाटकाच्या नव्या गायनावर हा निकाल सुनावताना त्याची शिकवण आपण साफ विसरलो.

आता दुसरा मुद्दा: ‘तसा आवाज पुन्हा होणे नाही.’ अगदी खरे. बालगंधर्वांचा आवाज पुन्हा होणार नाही. पण यावरून त्यांची पदे पुन्हा गाऊ नयेत हे कसे ठरते? कुमार गंधर्वांकडे पाहा. लहानपणी शिवपुत्र कोमकळी या मुलाची ख्यातीच अशी होती की मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या तो जशाच्या तशा गाऊन दाखवी. नक्कल करायची तर त्या मुलाइतकी सिद्धी फार थोड्यांना मिळाली असेल. तो पुढे मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकला, नंतर देवासला क्षयाने अंथरुणाला खिळला, आणि उठला तेव्हा त्याने नकलेचा रस्ता कायमचा सोडला होता. १९६० च्या दशकात, बालगंधर्व हयात असतानाच, कुमारजींनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम केला. बालगंधर्वांचा ओघवता, लडिवाळ, जणू श्वासच न घेणारा स्वर एकीकडे. कुमारजींची छोट्या छोट्या स्वरावलींची, अचानक उसळणारी आणि तितक्याच अचानक थांबणारी गायकी दुसरीकडे. दोन्हींत आवाजाचे साम्य शोधूनही सापडणार नाही. तरीही त्या मैफलीत बालगंधर्वांच्या पदांतली लय, शब्दाला दिलेला हलका धक्का, समेवर येण्याची ऐट अशी उलगडली की बालगंधर्वांवर जीव टाकणाऱ्यांनाही ती पदे नव्याने दिसली. जो हुबेहूब नक्कल करू शकत होता त्याने ती केली नाही. बालगंधर्वांचा त्याहून मोठा सन्मान मला दुसरा दिसत नाही.

आशा भोसल्यांनी गायलेली दीनानाथांची नाट्यपदे अशाच नजरेने ऐकावीत. वडिलांची ‘रणदुंदुभी’तली आणि इतर पदे त्यांनी ध्वनिमुद्रित केली, तेव्हा मायक्रोफोनचे युग पक्के झाले होते. दीनानाथांना जे थिएटरच्या शेवटच्या रांगेपर्यंत फेकावे लागे, ते आशाताईंना पुटपुटल्यासारखेही गाता येत होते. तानांचा पल्ला त्यांनी वडिलांचा ठेवला, आणि शब्दांना चित्रपटगीताने शिकवलेली जवळीक दिली. वडिलांच्या ध्वनिमुद्रिकेत जे आहे ते इथे नाही. इथे जे आहे ते तिथे नाही. दोन्ही हवी आहेत. तुलना करायची ती एकाला बाद ठरवण्यासाठी कशाला करायची?

‘हात लावू नये’ या मताच्या बाजूने सर्वांत जड पारडे आहे ते बाजाराचे, आणि ते मी टाळणार नाही. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली तेव्हा जुन्या चित्रपटगीतांच्या नव्या आवाजांतल्या कॅसेटींचा पूर आला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात एक कलम होते: गाण्याचे एकदा ध्वनिमुद्रण झालेले असले की सूचना देऊन, मानधन भरून कोणालाही त्याच गीताचे नवे ध्वनिमुद्रण करता येई. टी-सिरीजसारख्या कंपन्यांनी त्यावर मोठा व्यवसाय उभा केला. कितीतरी गिऱ्हाइकांनी रफी-किशोर समजून भलत्याच आवाजाची कॅसेट घरी नेली. त्यानंतर रिमिक्सची लाट आली आणि जुन्या ठेक्याखाली ढोलांचा मारा झाला. रसिकांचा राग तिथून आला आहे आणि तो योग्य आहे. पण राग कशाचा होता ते तपासू. पुन्हा गायले याचा होता की नकलेला मूळ म्हणून विकले याचा? त्या कॅसेटींचा दोष हा नव्हता की त्या मूळ गाण्यापासून दूर गेल्या. उलट त्या त्याला जितके चिकटता येईल तितक्या चिकटल्या होत्या: तोच वाद्यमेळ, त्याच हरकती, तसाच आवाज काढण्याची धडपड. ‘मूळसारखे’ हाच त्यांचा एकमेव गुण होता. म्हणजे ‘मूळसारखे हवे’ ही आपली कसोटी लावली तर याच कॅसेटींना सर्वांत जास्त गुण मिळतील. कसोटीच चुकीची आहे याचा आणखी काय पुरावा हवा?

२०१२ साली कायदा बदलला. आता पहिल्या ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षे थांबावे लागते, किमान पन्नास हजार प्रतींचे मानधन भरावे लागते (कमी खपाच्या भाषेसाठी हा आकडा खाली आणता येतो), वेष्टनावर हे कव्हर, म्हणजे पुनर्गायन, आहे असे स्पष्ट छापावे लागते आणि आधीच्या गायकाचे नाव किंवा छायाचित्र वापरता येत नाही. फसवणूक थांबवणाऱ्या या अटींचे मी मनापासून स्वागत करतो. पण त्याच कलमात आणखी एक अट आहे: तांत्रिक गरजेशिवाय शब्दांत वा स्वररचनेत, मालकाने आधी मान्य केलेला नसेल असा, कोणताही बदल करायचा नाही. शब्दांचे समजू शकते. स्वररचनेचे काय? ज्या संगीतपरंपरेत पदाची बढत करणे हेच गाणे आहे, तिथे या अटीचा अर्थ असा होतो की कायद्याने मिळणारा परवाना नक्कल करणाऱ्याला सुखाने मिळतो आणि विचार करून गाणाऱ्याला मालकाच्या दारात ताटकळत ठेवतो. रसिकांचे ‘हात लावू नका’ आणि कायद्याचे ‘बदल करू नका’ ही एकाच चुकीची दोन रूपे आहेत.

पुनर्गायन अन्यायाचे हत्यार होऊ शकते, हेही मान्य. १९५५ साली अमेरिकेत लिटल रिचर्ड या कृष्णवर्णीय गायकाचे ‘टुटी फ्रुटी’ आले. पाठोपाठ पॅट बून या गोऱ्या गायकाने ते गाऊन मुख्य लोकप्रियता यादीत रिचर्डच्या वरची जागा मिळवली, कारण अनेक गोऱ्या श्रोत्यांपर्यंत रिचर्डला पोहोचूच दिले जात नव्हते. बूनच्या गाण्यात नवे असे काही नव्हते. मूळची धग तेवढी काढून टाकली होती. पण त्याच देशात ओटिस रेडिंगचे १९६५ चे ‘रिस्पेक्ट’ ॲरेथा फ्रँकलिनने १९६७ साली गायले. कामावरून घरी येणाऱ्या पुरुषाची मागणी तिने बाईच्या तोंडी दिली, साथीदारणींची प्रत्युत्तरे घातली, मूळ शब्दाची अक्षरे सुटी सुटी करून फेकली, आणि ते गाणे नागरी हक्कांच्या आणि स्त्रियांच्या चळवळीचे झाले. रेडिंगने स्वतः त्याच वर्षी माँटेरीच्या महोत्सवात रंगमंचावरून हसत सांगितले की हे गाणे एका मुलीने माझ्याकडून नेले. कृती दोघांची एकच: दुसऱ्याचे गाणे गाणे. एकाने मूळ गायकाची जागा बळकावली, दुसरीने मूळ गाण्याला जागा करून दिली. जो टीकाकार दोघांना एकाच तागडीत तोलतो त्याने गाणे ऐकलेलेच नाही.

मग तुलना कशी करावी? तुलना जरूर करावी, अगदी कठोरपणे करावी, पण तीन प्रश्न विचारून. पहिला: नव्या गायकाला त्या रचनेत असे काय दिसले जे पहिल्या गायनात दबलेले होते? दुसरा: शब्दांचा अर्थ त्याने सांभाळला, वाढवला की तुडवला? लय दुप्पट केल्याने विरहाचे पद नाचाचे झाले असेल तर ते बिघडलेच आहे आणि तसे स्पष्ट म्हणावे. तिसरा: कवी, संगीतकार आणि आधीचे गायक यांचे ऋण त्याने उघडपणे मान्य केले की नाही? जुन्या नाटकांच्या पुस्तकांत पदावर ‘चाल’ छापली जाई. आजच्या कितीतरी ध्वनिचित्रफितींत कवीचे नावही नसते. तिसऱ्या प्रश्नावर जो नापास झाला त्याला मी कितीही गोड गळा असला तरी माफ करणार नाही.

‘मूळसारखे झाले का?’ या एकाच प्रश्नाने आपण काय करून ठेवले आहे ते दूरचित्रवाणीवरच्या गायनस्पर्धांत रोज दिसते. दहा-बारा वर्षांची मुले ध्वनिमुद्रिकेतली प्रत्येक हरकत, प्रत्येक खटका, अगदी श्वास घेण्याची जागासुद्धा पाठ करून येतात. परीक्षक डोळे पुसतात: डोळे मिटले तर खुद्द तेच गात आहेत असे वाटले! यापेक्षा मोठे कौतुक त्या मंचावर नाही. त्या मुलाला हा शब्द इथे का आला, ही जागा मध्यमावर का थांबते, हे कोणी विचारत नाही. पुढे स्पर्धा संपते, आवाज फुटतो, आणि नकलेवर उभी असलेली कीर्ती ओसरते. शिवपुत्र कोमकळीला त्या वयात देवधर मास्तर भेटले. या मुलांना टाळ्या भेटतात. ‘मूळची सर नाही’ म्हणणारा जाणकार आणि ‘हुबेहूब’ म्हणणारा परीक्षक स्वतःला एकमेकांचे विरोधक समजतात, पण दोघांच्या हातात मोजपट्टी तीच आहे.

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. जाणकारांनी निकाल देण्याआधी नवे गायन पुरते ऐकावे आणि न पटल्यास नेमके काय बिघडले ते स्वरांच्या आणि शब्दांच्या भाषेत सांगावे. परीक्षकांनी हुबेहूबपणाला गुण देणे बंद करावे. कव्हर करणाऱ्यांनी कवी-संगीतकारांची नावे ठळक द्यावीत, मानधन चुकवू नये आणि आपण हे गाणे का गातो याचे उत्तर गाण्यातूनच द्यावे. कायदेकर्त्यांनी फसवणुकीविरुद्धच्या अटी कायम ठेवून स्वररचनेच्या बढतीला वाट द्यावी. पहिले गायन संग्रहात जपायचे असते आणि ते जपलेच पाहिजे. रचना मात्र गायली गेली तरच जगते. भाऊराव कोल्हटकरांचा आवाज एकाही तबकडीवर नसताना ‘सौभद्रा’ची पदे सव्वाशेहून अधिक वर्षे टिकली, ती प्रत्येक पिढीतल्या कोणीतरी त्यांना हात लावण्याचे धाडस केले म्हणूनच.